टिचकी मारून घेतलेलं ग्राफिक्स कार्ड

मी लीलाधर शिवगण. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे जे ढीगभर कारखाने आहेत, त्यांतल्या एकात मी डिस्पॅच बघतो. बघतो म्हणजे माल गाडीत चढत असताना बाजूला उभा राहतो आणि दिसेल त्याच्यावर ओरडतो. गुहागरकडचं गाव सोडून आलो तेव्हापासून हेच करतोय, त्यामुळे दुसरं काही येत असेल अशी शंका कोणी घेत नाही.

या धंद्यात दोन विद्या लागतात. डब्याला टिचकी मारली की आवाजावरून पत्रा किती जाड आहे ते कळतं, आणि हातात घेऊन तोलला की उरलेलं कळतं. जड ते चांगलं, हलकं ते फसवं. एवढ्यावर माझा संसार उभा आहे. अडचण अशी की ही विद्या कारखान्यात ठेवून घरी येता येत नाही. कलिंगडाला टिचकी मारतो ते ठीक आहे, पण मी टीव्हीला मारतो, बसच्या पत्र्याला मारतो, एकदा दवाखान्यात डॉक्टरांच्या टेबलालाही मारलीय. शकूला बघायला गेलो तेव्हा पाण्याचा तांब्या मी उलटा करून टिचकी मारून पाहिला, असं ती अजून चारचौघांत सांगते. पाणी भरलेला तांब्या उलटा कसा करेन, एवढंच मी म्हणतो. टिचकी मारली नव्हती असं म्हणत नाही.

तर अशा माणसाने गेमिंगचा कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं, त्याची ही हकिगत आहे.

आमचा एकुलता एक मुलगा सूरज चेन्नईला नोकरी करतो. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. मी विचारतो, जेवलास का. तो म्हणतो, बाबा, सकाळचे नऊ वाजलेत. मी म्हणतो, बरं, नाश्ता केलास का. तो हो म्हणतो. मग तो विचारतो तुम्ही कसे आहात, मी म्हणतो बरे आहोत, आणि दोघांनाही सुटल्यासारखं होऊन मी फोन शकूच्या हातात देतो. भांडण नाही हो काही. भांडण असतं तर निदान विषय तरी मिळाला असता. एक पेटी कमी भरली म्हणून मी नाशिकच्या व्यापाऱ्याशी तासभर फोनवर वाद घालू शकतो, पण स्वतःच्या पोराशी बोलताना तिसऱ्या वाक्याला माझी टाकी रिकामी होते.

यंदा गणपतीत तो आला. गावाला निघायच्या आधी दोन दिवस आमच्या मीरा रोडच्या पूनम सागरमधल्या घरी होता. रात्रीची जेवणं उरकली की आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून कानाला हेडफोन लावून बसायचा. मी पंख्याचा रेग्युलेटर बघायच्या निमित्ताने दाराशी उभा राहिलो आणि ऐकतच राहिलो. माझा मुलगा बोलत होता. मराठीत, हिंदीत, मधूनच तिसऱ्याच कुठल्या भाषेत. कोणाला झापत होता, कोणाला समजावत होता, कोणाची तरी बदली झाली होती तर त्याला धीर देत होता, आणि हे सगळं चालू असताना चौघे मिळून कोणावर तरी गोळ्याही झाडत होते. मग तो मोठ्याने हसला. इतकं बोलणारं पोर आपल्या घरचं आहे हे मला माहीतच नव्हतं.

मला वाईट वाटलं. थोड्या वेळाने राग आला, आणि राग ओसरल्यावर सरळसरळ मत्सर वाटायला लागला, तोही अशा पोरांचा ज्यांचे चेहरे मी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं की तो कालचा खेळ कुठला. त्याने नाव सांगितलं. मी म्हटलं, आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर चालेल का. तो म्हणाला, "नाही बाबा, त्याला ग्राफिक्स कार्ड लागतं, तुमच्या त्या जुन्या मशीनवर तो उघडणारसुद्धा नाही." कित्येक महिन्यांत त्याने मला उद्देशून म्हटलेलं हे सगळ्यात लांब वाक्य होतं. ते मी पाठ करून टाकलं.

तो गेल्यावर मी मनाशी ठरवलं. पोरगं जिथे बोलतंय, तिथे आपण जायचं. गुपचूप मशीन घ्यायचं, खेळ शिकायचा, आणि एका रविवारी त्यांच्या टोळीत शिरून हेडफोनमधून म्हणायचं, काय रे, ओळखलंस का? त्यानंतर तो काय म्हणेल आणि मी काय म्हणेन, हेही मी कारखान्यात जाता-येता घोळवून ठेवलं होतं. कार्ड कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

मग अभ्यास सुरू झाला. फोनवर व्हिडिओ बघायचे. एक मुलगा डोळे विस्फारून सांगायचा की आठ जीबीचं कार्ड घेणारा मूर्ख आहे, सोळाच घ्या. दुसरा तितकेच डोळे विस्फारून सांगायचा की सोळाच्या मागे लागणारा मूर्ख आहे, आठ पुष्कळ झाले. पहिल्या आठवड्यात मला एवढंच कळलं की मी कुठूनही मूर्खच ठरतोय. कार्ड बनवणाऱ्यांत एक हिरवी पार्टी आणि एक लाल पार्टी असते, आणि दोघांचे कार्यकर्ते व्हिडिओखाली एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरत असतात. मी सोमवारी हिरवा असायचो आणि गुरुवारपर्यंत लाल व्हायचो. आमच्याकडच्या नगरसेवकांना मी यापूर्वी उगीच नावं ठेवली असं वाटायला लागलं.

काही गोष्टी मात्र पटकन समजल्या. बॉटलनेक म्हणजे कार्ड दांडगं आणि प्रोसेसर मरतुकडा असला की सगळं काम एका जागी तुंबतं. रोज संध्याकाळी काशीमिऱ्याच्या सिग्नलला अडकून बसणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. एसएमपीएस नावाची मला आधी सरकारी योजना वाटली, मग कळलं की मशीनला वीज पुरवणारा तो डबा. रॅमवर तर मी इतकं वाचलं, इतकं पाहिलं की झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

कारखान्यात माझा छळ व्हायला लागला, म्हणजे मी इतरांचा करायला लागलो. जेवणाच्या सुट्टीत मी पॅकिंगच्या पोरींना फ्रेम रेट समजावून सांगायचो. त्या डबे घेऊन दुसऱ्या शेडमध्ये जाऊन बसायला लागल्या. एकदा गाडीवाल्याने विचारलं, किती नग चढले, आणि मी म्हणालो, सोळा जीबी. शेठने मला केबिनमध्ये बोलावून तब्येतीची चौकशी केली.

शकूला मी सांगितलं होतं की गावच्या घराचे जुने फोटो नीट लावून ठेवायला एक चांगलं मशीन हवंय. पैशांचा विषय मी इथे काढत नाही, शकूने तो घरी पुरेसा काढलाय. पण पैशांचं बोलून झाल्यावर भांडी विसळता विसळता ती म्हणाली, "सूरजशी बोलायला घेताय ना?"

मी म्हटलं, कोण म्हणालं.

"तुम्हांला त्याला विचारायचं काय तेच सुचत नाही," ती म्हणाली. "ते मशीन सुचवणार आहे का?"

मी तिला म्हटलं की यातलं तुला काही कळत नाही. हे वाक्य मी आमच्या लग्नापासून वापरतोय आणि ते बरोबर ठरल्याचं मला आठवत नाही.

हितेशचं दुकान मीरा रोड स्टेशनपासून नया नगरकडे जाताना एका गल्लीत आहे. दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने बाहेर उभं राहायचं, एवढं. हितेश गिऱ्हाइकाशी हिंदीत बोलतो, फोनवर बायकोशी गुजरातीत, आणि भाव कमी करायची वेळ आली की शुद्ध मराठीत नाही म्हणतो. मी त्याच्यासमोर माझा सगळा अभ्यास मांडला. हिरवी पार्टी, लाल पार्टी, आठ, सोळा, बॉटलनेक. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, काका, मॉनिटर कौनसा है? इतक्या दिवसांच्या अभ्यासात मॉनिटरचा विचार मी केलाच नव्हता. चित्र हवेत दिसणार होतं बहुतेक.

मग त्याने साधा फुल एचडी मॉनिटर काढला आणि म्हणाला की एवढ्यासाठी मधल्या दर्जाचं कार्ड भरपूर झालं. प्रोसेसरही मधलाच घेऊ, त्याला स्वतःहून पडद्यावर चित्र दाखवता येत नाही, ते काम कार्डच करतं, म्हणून तो स्वस्त पडतो. हे मला पटलं. इथवर सगळं शहाण्यासारखं चाललं होतं. मग त्याने काउंटरवर दोन कार्डं ठेवली. एकाला दोन पंखे, एकाला तीन. मी एक डाव्या हातात घेतलं, एक उजव्या हातात घेतलं आणि तोललं. नंतर खाली ठेवून दोन्हींना टिचकी मारली.

हितेशने चष्मा वर केला. "काका, ये बर्तन नहीं है. अंदर चिप दोनों में सेम है. ये वाला खाली मोटा है."

मी म्हटलं, मोटाच दे. त्याने समजावलं की तीन पंख्यांचं कार्ड लांब आहे, जड आहे, महाग आहे, आणि खेळात फरक उन्नीस-बीससुद्धा पडणार नाही. मशीनचं बाहेरचं खोकं म्हणून मी निवडलेल्या कॅबिनेटमध्ये ते मावणारही नव्हतं. मी म्हटलं, मग कॅबिनेट मोठं दे. दुकानातली सगळी कॅबिनेटं मी टिचकी मारून पाहिली आणि ज्याचा पत्रा सगळ्यात जाड वाटला ते घेतलं. हितेशने बिल लिहायला घेतलं. गाढवापुढे वाचली गीता, याला गुजरातीत काय म्हणतात ते त्याला माहीत असणार.

खंडेनवमीच्या संध्याकाळी त्याने सगळं जोडून माझ्यासमोर चालू करून दाखवलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडद्यावर अक्षरं उमटली. मला भरून आलं. मग त्याने दोन स्क्रू काढले आणि ते तीन पंख्यांचं कार्ड उपसून परत खोक्यात ठेवलं. म्हणाला, रिक्षात गचके बसतात, एवढं जड कार्ड आत लटकत राहिलं तर ज्या खाचेत ते बसतं ती तुटायची. घरी जाऊन बसवा. खाचेत सरळ दाबायचं, क्लिक असा आवाज आला की बसलं. हलकं असतं तर तसंच नेता आलं असतं, असंही तो म्हणाला. ते मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. कारखान्यात खंडेनवमीला मशीनची पूजा होते, आणि सगळ्यांत जुना म्हणून ती मी करतो. प्रेस मशीनला झेंडूची माळ, कुंकवाचं बोट, नारळ आणि मूठभर अक्षता. पूजा न करता मी आजवर कुठलंही मशीन चालू होऊ दिलेलं नाही. घरचं मशीन त्याला अपवाद का ठरावं? शकू म्हणाली, खोक्याला कुंकू लावा आणि मोकळे व्हा. पण माझ्या अंगात कारखाना संचारला होता. मी कॅबिनेट देव्हाऱ्यासमोर आडवं निजवलं, त्याची बाजूची काच काढली, देवाला आतलंही दिसायला नको का? कार्ड पाटावर ठेवलं. त्याला झेंडू वाहिला. एसएमपीएसला कुंकू लावलं.

शकू मागून म्हणाली, आत काही टाकू नका.

"अगं, प्रेस मशीनवर आम्ही मूठभर टाकतो," मी म्हटलं. "तिला कधी अपचन झालं नाही."

आणि मी अक्षता टाकल्या. लग्नात नवरा-नवरीवर टाकतात तशा, उभं राहून, डोळे मिटून. डोळे उघडले तर मदरबोर्डवर सगळीकडे लालसर तांदूळ पसरले होते. मग मी गुडघे टेकून एकेक दाणा वेचला, फुंकर मारली, शकूच्या रांगोळीच्या ब्रशने झाडलं. एकूण एक निघाला, असं मी जाहीर केलं. विरोध करायला कोणी नव्हतं, शकू पुऱ्या तळायला गेली होती.

कार्ड खाचेत ठेवून दाबलं. खाली गेटजवळ देवीच्या मिरवणुकीचा बँजो नेमका तेव्हाच सुरू झाला, त्यामुळे क्लिक झालं की नाही ते ऐकू आलं नाही. झालं असणार, असं मी धरलं. स्क्रूचं भोक जरा वर येत होतं, ते ओढून जुळवलं आणि पिळून घट्ट केलं. मॉनिटरची वायर मागे दिसलेल्या पहिल्या भोकात खुपसली आणि बटण दाबलं. तिन्ही पंखे गरागरा फिरले. लाल, निळे, हिरवे दिवे लागले. शकू झारा हातात घेऊन बघायला आली. पडद्यावर एक ओळ उमटली, नो सिग्नल. मग तीही गेली आणि पडदा काळा झाला.

मी बंद करून चालू केलं. पुन्हा काळा. वायर हलवली. काळा. पहिल्यांदा मी वायरीला शिव्या दिल्या, मग हितेशला, मग हिरव्या पार्टीला, कारण त्या आठवड्यात मी लालवरून परत हिरव्यावर आलो होतो. नाचता येईना अंगण वाकडं. हितेशला फोन लावला तर बंद. नऊ रात्री गरबा खेळून तो कुठेतरी मेल्यासारखा झोपला असणार. शेवटी मी कॅबिनेटला टिचकी मारली. पत्रा चांगला जाड होता.

शकू म्हणाली, सूरजला लावा. मी म्हटलं, अजिबात नाही, मग त्यात गंमत काय राहिली. ती म्हणाली, मग बसा काळ्या पडद्यासमोर, श्रीखंड इथेच आणून देते. मी बसलो. श्रीखंडही खाल्लं. महिनाभर डोक्यात घोळवलेलं ते सगळं बोलणं, काय रे ओळखलंस का, ते आठवलं आणि स्वतःची फार लाज वाटली. या वयात, या गुडघ्यांनी, मी एका पोराच्या मागे त्याच्या खेळात शिरायला निघालो होतो आणि दारातच आपटलो होतो. अडला हरी, असं म्हणतात. त्याच्या पुढचं मी म्हणणार नाही, पोरगा माझा आहे. मी फोन लावला.

त्याने पहिल्याच रिंगला उचलला. "बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

रविवार सोडून आमचा कधी फोन होत नाही, म्हणून त्याला तसं वाटलं. ते मला लागलं. मी घाईघाईने म्हटलं की आई बरी आहे, सगळे बरे आहेत, फक्त नो सिग्नल येतंय. मग त्याने विचारलं, कशावर नो सिग्नल? मी सगळं सांगितलं. कार्ड कुठलं, तेही सांगितलं. तो म्हणाला, तीन पंख्यांचं कशाला घेतलं, दोनवालंही तेच असतं. मी म्हटलं, हे जड होतं.

"टिचकी मारलीत?"

"मारली."

तो हसला. दाराआडून ऐकलं होतं तसा, मोठ्याने. फरक एवढाच की या वेळी ते हसणं माझ्या कानात होतं आणि माझ्यावर होतं, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

मग त्याने व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. वायर मी कार्डाऐवजी मदरबोर्डच्या भोकात घातली होती, ती बदलून झाली. तरी पडदा काळाच. विजेची वायर बघून झाली. मग तो म्हणाला की मशीन बंद करा, प्लग काढा, कार्ड बाहेर काढा आणि मला ती खाच दाखवा. शकूने एका हातात माझा फोन धरला आणि दुसऱ्या हातातल्या स्वतःच्या फोनची बॅटरी आत मारली.

"बाबा, ते टोकाला लाल काय आहे?"

मी वाकून पाहिलं. मला दिसलं.

"गंज आहे का? नवीन आहे ना मशीन?"

"अक्षता आहे," शकू म्हणाली. "मी सांगितलं होतं."

पलीकडून फोन कशावर तरी पडल्याचा आवाज आला. तो उचलून पुन्हा बोलायला लागला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी म्हटलं, झालं असेल हसून तर पुढचं सांग. तो म्हणाला, पिन नको, सुई नको, धातूचं काहीच नको, टूथपिक घ्या आणि हळूच उकरा, घाई करू नका.

तो दाणा खाचेच्या पार टोकाला आडवा बसला होता आणि मी वरून जोर लावून त्याला आणखी आत चेपला होता. टूथपिक लावली की तुकडा निघायचा, बाकीचा तिथेच. मी कॅबिनेटमध्ये डोकं घालून उकरत होतो, शकू उजेड धरून होती आणि सूरज तिकडून वाकून बघत होता. असं उकरताना बोलायला काहीतरी लागतं. त्याने माझ्या गुडघ्याचं विचारलं, मी सांगितलं. मी त्याच्या जेवणाचं विचारलं, तर तो म्हणाला, मेस बदलली, जुन्यातलं सांबार पिऊन कंटाळा आला होता. मग मी काही न विचारताच त्याने सांगितलं की ऑफिसात त्याचं ठीक चाललेलं नाही. त्याच्या हाताखालचे दोघे कमी केले, पुढे आपलाच नंबर लागेल असं त्याला वाटतंय. गणपतीत आला होता तेव्हाच सांगणार होता.

"मग सांगितलं का नाहीस?" मी खाचेत बघतच विचारलं.

"तुम्ही ओरडाल असं वाटलं."

मी ओरडलो नाही. ओरडायला मान वर काढावी लागली असती. आम्ही दोघे एकमेकांकडे बघत नव्हतो, दोघेही त्या बोटभर फटीत बघत होतो, म्हणूनच त्याला बोलता आलं असेल. मी म्हटलं की माणूस कमी करताना शेठ लोक आधी चांगल्यांना हात लावत नाहीत, आणि लावलाच तर मीरा रोडला तुझी खोली आहे, आई आहे, मी आहे. शकूने उजेड जरा जवळ धरला.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "पण बाबा, तुम्ही हे मशीन घेतलंत कशाला?"

जुन्या फोटोंचं तोंडावर आलं होतं. शकू माझ्याकडे बघत होती.

"तू तिथे बोलतोस म्हणून," मी म्हटलं.

मी उकरत राहिलो, आणि तेवढ्यात तो दाण्याचा उरलेला तुकडा टूथपिकला चिकटून वर आला. शकूने दोन्ही फोन खाली ठेवले, तो हातावर घेतला आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. तो टाकवेना तिला. मग उरलेल्या पुऱ्या तळायला ती आत गेली. मी फोन कार्डाच्या रिकाम्या खोक्याला टेकवून माझ्याकडे तोंड करून उभा केला आणि कार्ड खाचेत ठेवून दाबलं. क्लिक झालं. इतका स्पष्ट आवाज की तो चेन्नईतही ऐकू गेला. स्क्रू लावले, वायरी लावल्या, बटण दाबलं.

पंखे फिरले. मॉनिटरवर आधी अक्षरं आली, मग सगळा पडदा निळा उजळला. कॉम्प्युटर माझं स्वागत करत होता. कुठला देश, कुठली भाषा, असं विचारत होता.

"आलं का?" सूरजने विचारलं.

आता काय होणार ते मला माहीत होतं. मी आलं म्हणेन. तो म्हणेल, चला, झालं एकदाचं. मग तो म्हणेल, ठेवू का. मी म्हणेन, ठेव. मग रविवार.

"नाही रे," मी म्हणालो. "काळंच आहे."

सूरज फोनमधून माझ्याकडे बघत राहिला.

"बाबा, तुमच्या चष्म्यात निळं दिसतंय."

मी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसायला लागलो. चोरी पकडली गेली की माझे कान लाल होतात, तेही त्याला दिसले असणार.

"असू दे," तो म्हणाला. त्याने फोन कशाला तरी टेकवून ठेवला आणि स्वतः मागे सरकून भिंतीला पाठ लावून नीट बसला. "एकदा रॅम काढून परत बसवून बघू. मला आज सुट्टी आहे."

मी चष्मा घातला, बटण दाबून तो निळा पडदा बंद केला आणि विचारलं, "रॅम म्हणजे नेमकी कुठली रे?"